कथेतल्या तृतीयपंथी पात्राने शेवटी मरायलाच हवं का? (लिहिताना अडकलेय)

निळी_छत्री:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न टाकतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दिवाळी अंकासाठी एक कथा लिहितेय. चाळीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी चंदा, तृतीयपंथी, ब्लाउज शिवते, आणि खालची आठ वर्षांची पोर तिच्याकडे चिंध्या गोळा करायला जाते. शेवटी चाळीला आग लागते आणि त्या पोरीला बाहेर काढताना चंदा जाते. लिहिताना मी स्वतः रडले होते त्यामुळे वाटलं जमलीय. मैत्रिणीला वाचायला दिली तर तिने एवढंच विचारलं, ही मेलीच का? जगली असती तर चाळीतले लोक दुसऱ्या दिवशी तिच्याशी कसे वागले हे तुला लिहावं लागलं असतं, ते तू टाळलंस. मला दोन दिवस धड झोप लागली नाही.

मग आठवायला बसले की मी आजवर पाहिलं-वाचलं काय. लहानपणी टीव्हीवर 'सडक' पाहिलेला, सदाशिव अमरापूरकरांची महाराणी, म्हणजे कोठा चालवणारी क्रूर तृतीयपंथी, त्यानंतर कित्येक वर्षं सिग्नलला कुणी तृतीयपंथी दिसलं की मी आईचा हात घट्ट धरायचे. 'तमन्ना'मध्ये परेश रावल टाकून दिलेल्या मुलीला वाढवतो, म्हणजे त्याग. 2020 च्या 'लक्ष्मी'त तर ती भूतच, आधी मारली जाते आणि मग अंगात येऊन सूड घेते. (शरद केळकरचं काम त्यात मनाला लागलं होतं हे सांगायलाच हवं, पण वाट्याला फ्लॅशबॅकच आला.) म्हणजे एकतर भीती वाटावी नाहीतर डोळ्यांत पाणी यावं, आणि चंदा लिहिताना मी पण तेच केलं.

तर विचारायचं आहे की आपल्याकडे असं पात्र साधं, रोजचं माणूस म्हणून कुणी लिहिलंय का, आणि मी स्वतः ट्रान्स नसताना चंदा लिहावी का? जे वाटेल ते स्पष्ट सांगा.

---

जुना_प्रेक्षक:
प्रश्न चांगला आहे. मी कोल्हापूर-पुणे पट्ट्यातले तमाशापट थेटरात बघितलेला माणूस आहे म्हणून तिथूनच सुरू करतो.

गणपत पाटील आठवतात का? 'आत्ता गं बया' म्हणत कमरेवर हात ठेवून येणारा नाच्या. थेटर डोक्यावर घ्यायचं, मी पण हसलोय. घरी बायको-मुलं असलेला माणूस, पण लोकांनी पडद्यावरचा नाच्या खरा धरला आणि त्याचा त्रास त्यांना तर झालाच, घरच्यांनाही झाला. त्यांनी 'रंग नाच्याचे' या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. आता बघा, त्याच महाराष्ट्राने बालगंधर्वांना शालू नेसून रंगभूमीवर आलेलं डोक्यावर घेतलं, त्यांच्या नेसण्याची नक्कल घराघरातल्या बायका करायच्या. शालूला मान आणि नाच्याच्या लचकण्याला शिट्टी. माझ्या मते यात जात आणि पैसा दोन्ही आहे, संगीत नाटकाचा प्रेक्षक कोण होता आणि फडाचा कोण होता ते बघा म्हणजे कळेल.

'नटरंग'ने (मूळ कादंबरी आनंद यादवांची) हे पहिल्यांदा नाच्याच्या बाजूने दाखवलं. गुणा पैलवान गडी, फडासाठी नाच्या होतो, आणि गावाला वाटतं याच्यावर आता कुणाचाही हक्क आहे. पण गुणा बाई नाही हे सिनेमा पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचं दुःखच ते आहे. समजा गुणाला मनातून खरंच बाई व्हायचं असतं तर? तो सिनेमा कुणी काढला असता का असा प्रश्न मला आता या वयात पडतो.

---

तिठा:
माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. महाराणीचं काम जबरदस्त होतं, त्या वर्षी फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि पहिला अमरापूरकरांनाच मिळाला, उगाच नाही मिळाला. खलनायक कुणीही असू शकतो, पाटील असतो, डॉक्टर असतो, सासू असते, मग तृतीयपंथी असला तर लगेच चुकीचं चित्रण कसं? लेखकाने प्रत्येक पात्र लिहिताना समाजाची परवानगी घ्यायची ठरवली तर सगळी पात्रं गोड गोड होतील आणि ते वाचायला नको वाटेल. निळी_छत्री, तुमच्या कथेला मरण हवं असेल तर मारा तिला. कथा कथेसारखी वाचावी.

---

निळी_छत्री:
तिठा, राग कशाला, विचारलंच आहे तर. पण दुष्ट डॉक्टर बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ताप आला की डॉक्टरकडेच जातो ना, कारण त्याने आयुष्यात वीस डॉक्टर पाहिलेत. मी महाराणी पाहिली तेव्हा माझ्या ओळखीची एकही तृतीयपंथी व्यक्ती नव्हती, ती एकच होती. मग माझ्यापुरतं तरी सगळे म्हणजे तीच झाली.

---

राधानगरीकर:
मी आमच्या भागाचं सांगतो. आमच्याकडं मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला जोगतिणी यायच्या तसं देवीला सोडलेलं जोगतं पण यायचं, लुगडं नेसलेलं, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, डोक्यावर देवीची मूर्ती ठेवलेला जग. मागं चौंडकं वाजायचं. आमची आजी त्याच्या पाया पडायची आणि त्याच आजीच्या जावेनं पोरांना सांगून ठेवलेलं की त्याच्या नादाला लागायचं न्हाई. दोन्ही एकाच दारात.

'जोगवा' सिनेमा सगळ्यांनी बघितलाय, राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवरून आणि चारुता सागरांच्या कथेवरून केलेला. उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण लोक हितं एक घोळ करतात. तायप्पा ट्रान्सजेंडर न्हाई. धडधाकट गडी, अंधश्रद्धेपायी त्याला जोगता केला, लुगडं त्याच्यावर लादलं आणि मग सुलीवर जीव जडल्यावर त्याला कळतं आपल्याकडनं काय काय हिसकावून घेतलंय. गवस सरांनी प्रथेविरुद्ध लिवलंय आणि ते बरोबरच हाय, कारण पोरंपोरी देवीला सोडायची प्रथा वाईटच, कर्नाटकात 1982 ला कायदा झाला, आपल्याकडं 2005 ला.

पण मी दुसरंबी बघितलंय. आमच्या शेजारच्या गावात एक जोगतं होतं, त्याला कुणी जबरदस्ती केली न्हवती. लहानपणापासनं बाईसारखंच ऱ्हायचं, बाप मारायचा. केसांत जट आली आणि देवीनं धरलं म्हटल्यावर बापाचा हात थांबला. लुगडं नेसायची परवानगी देवीच्या नावानंच मिळाली, दुसरीकडनं मिळाली नसती. त्याला त्या लुगड्यातनं सोडवून काय करणार होता? यल्लमाच्या सौंदत्तीला मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवंला, देवी विधवा झाली म्हणून, बांगड्या फोडतात, मी एकदा गेलतो घरच्यांबरोबर, तवा ते असं रडत होतं की बघवंना, आणि परत बांगड्या भरायचा दिवस आला की तोंड उजळायचं. या माणसाची गोष्ट मी अजून मराठीत वाचली न्हाई. कुणी लिवली असली तर सांगा.

---

मद्रासची_मावशी:
राधानगरीकर, तुमची रांडाव पुनव वाचून अंगावर काटा आला, कारण इकडे कूवागमला अगदी तेच. मी 26 वर्षं चेन्नईत आहे. चित्तिरै महिन्यात कूवागमच्या देवळात तिरुनंगै (इथे ट्रान्स बायकांना हाच शब्द, आणि तो आदराचा आहे) अरावनशी लग्न लावतात, अरावन म्हणजे आपला अर्जुनपुत्र इरावान, युद्धाआधी बळी जाणारा, आणि दुसऱ्या दिवशी त्याची विधवा म्हणून बांगड्या फोडतात, पांढरं नेसतात. कॅमेरे बरोबर त्या दोन दिवशी पोचतात. उरलेलं वर्ष ती बाई भाजी कुठून आणते ते कुणी शूट करत नाही.

तमिळमध्ये मात्र थोडं पुढे गेलंय असं वाटतं. 'लक्ष्मी' ज्यावरून केला तो 2011 चा 'कांचना' इथलाच, त्यात सरतकुमारसारखा मोठा हिरो ती भूमिका करतो, ते तेव्हा फार मोठं वाटलं होतं. मग 2019 चा 'सुपर डिलक्स', विजय सेतुपतीची शिल्पा, बाप म्हणून घर सोडून गेलेली आणि साडी नेसून परत येते, घरचे सगळे दगड झालेले पण छोटा मुलगा तिचा हात सोडत नाही. मी थेटरात ओक्साबोक्शी रडले. पण नंतर माझ्या ओळखीच्या एका तिरुनंगै ताईंशी बोलले तर त्या संतापलेल्या होत्या, कारण त्याच सिनेमात शिल्पा कबूल करते की तिच्या हातून मुलं भीक मागायला लावणाऱ्यांच्या हाती गेली. त्या म्हणाल्या, आम्ही मुलं पळवतो या एका अफवेवरून आमच्या बायकांना मार पडतो, आणि तुम्हाला एवढ्या सुंदर सिनेमात तेच घालावंसं वाटलं? तिठा, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं. तिथे कथेसारखी कथा वाचायला फुरसत नसते, मार बसतो.

आणि निळी_छत्री, ट्रान्स नटीला काम देऊन पण सिनेमे झालेत. 'पेरन्बु'मध्ये मामूटीसमोर अंजली अमीर आहे, आणि तिचं पात्र साधं आहे, एकट्या बापाला आणि त्याच्या आजारी मुलीला जीव लावणारं. कुणाचा सूड नाही, भाषण नाही. तो जरूर बघ.

---

पोथीवाचक:
थोडं अवांतर वाटेल पण आहे इथलंच. आपण मराठीत 'शिखंडी' हा शब्द शिवीसारखा वापरतो, आडून वार करणारा या अर्थी. उद्योगपर्वात अंबेचं आख्यान उघडून बघा. द्रुपदाच्या घरी मुलगी म्हणून जन्म, मुलगा म्हणून वाढवलेला, लग्नही लावून दिलेलं, सासऱ्याला कळल्यावर तो सैन्य घेऊन निघतो, आणि शिखंडी जीव द्यायला रानात जातो तिथे स्थूण नावाचा यक्ष आपलं पुरुषत्व त्याला देऊन टाकतो. आजच्या भाषेत हा ट्रान्स पुरुष आहे, आणि तो लढतो, पांडवांच्या बाजूचा रथी आहे. भीष्म त्याच्यावर बाण टाकत नाहीत ते त्याच्या दुबळेपणामुळे नव्हे, भीष्म त्याला पुरुष मानायलाच तयार नाहीत म्हणून! ही एवढी मोठी गोष्ट आपण एका शिवीत संपवली. आजच्या कथा-सिनेमांत ट्रान्स पुरुष शोधायला गेलो तर हाताला फारसं काही लागत नाही, सगळं साडी, टिकली आणि टाळीभोवती फिरतं.

---

अबोली:
मी इथे सहसा लिहीत नाही पण हा धागा सकाळपासून तीनदा वाचला. मी ट्रान्स बाई आहे, पुण्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. म्हणजे मार्च महिन्यात मी मेले की जगले हेही कळत नाही इतकं काम असतं आणि मला आजवर एकही कथा भेटली नाही ज्यात माझ्यासारखी बाई 31 मार्चला रात्री साडेअकराला व्हाउचर जुळवतेय.

पहिलं म्हणजे हिजडा आणि ट्रान्स बाई हे एकच धरून लिहिणं. हिजडा समाज ही एक व्यवस्था आहे, घराणी असतात, गुरू, चेला, नानी अशी नाती असतात, रीत असते. मी त्यात कधीच नव्हते. ज्या आहेत त्यांच्याबद्दल मला आदर आहे, घराने हाकलल्यावर त्यांनी एकमेकींना घर दिलं. पण मला नवीन ओळखीचे लोक विचारतात तुमचा गुरू कोण, कारण त्यांनी सिनेमात तेच पाहिलंय. आणि टाळी, तिच्यात राग असतो, थट्टा असते, आपल्यातलीला हाक असते, सिनेमात मात्र पात्र आलं हे कळावं म्हणून वाजते.

दुसरं, आरशासमोर टिकली लावून रडणं. प्रत्येक सिनेमात आहे. मला आरशासमोर आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं होतं. रडू यायचं ते बांगड्यांच्या दुकानात, कारण माझ्या हाताला दोन-दहाचं माप लागतं आणि दुकानदार सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचा कुणासाठी हव्यात. चपलांचंही तेच. भाड्याची खोली मिळवताना फोनवर माझा आवाज ऐकून 'हो सर या ना' म्हणतात आणि मी समोर गेले की खोली नुकतीच गेलेली असते.

आता तिसरं, आणि हे लेखकांनी कृपा करून नीट ऐकावं. आपल्या मराठीत क्रियापदाला लिंग आहे. इंग्रजीत मी 'आय वेंट' म्हणून निभावून नेते, मराठीत मला पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, गेलो की गेले. मी घरी पहिल्यांदा 'मी आले' म्हणाले तेव्हा बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पान उलटायचे थांबले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग तोच, त्या एका मात्रेचा. आणि मराठीत अजून एक आहे जे हिंदीत नाही, 'ते'. सोसायटीत जिन्यावरून ऐकू येतं, ते आलं बघ. राधानगरीकर दादा, तुम्ही प्रेमाने लिहिलंय हे कळतंय मला, पण तुमच्या पोस्टमध्येही ते 'ते रडत होतं' असंच आहे. तुमच्याकडे माणसाला लाडाने पण तसं म्हणतात, माहितीय, तरी वाचताना मला टोचलं.

माझी आई. नऊ वर्षं झाली, रोज रात्री फोन करते. तिला 'जेवलास' म्हणवत नाही कारण मी चिडते आणि 'जेवलीस' तिच्या तोंडातून निघत नाही. मग ती म्हणते, जेवण झालं का? पोचणं झालं का नीट? दिवाळीला येणं होणार का? नऊ वर्षं माझी आई माझ्याशी लिंग नसलेलं मराठी बोलतेय. एकदाही चुकत नाही. विचार करा किती मेहनत असेल त्यात. मला ते प्रेम वाटतं आणि मला त्याचा त्रासही होतो, दोन्ही रोज रात्री साडेनऊला.

निळी_छत्री, तुम्ही लिहावं का, तर लिहा. पण आमच्यातल्यांनी लिहिलेलं आधी वाचा. लक्ष्मी नारायण त्रिपाठींचं 'मी हिजडा मी लक्ष्मी' आहे, दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप'मधल्या कविता आहेत, तमिळमधल्या ए. रेवती आहेत. 'ताली' ही वेब मालिका बघितली असेल, गौरी सावंत यांच्यावरची, आम्हाला तिसरं लिंग म्हणून मान्यता देणारा 2014 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यात आहे, त्या निकालाच्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नाचले होते. सुष्मिता सेनने मनापासून काम केलंय पण ती एका कार्यकर्तीची गोष्ट आहे, आणि आम्ही सगळ्याच काही कोर्टात जाऊन जिंकत नाही.

---

राधानगरीकर:
अबोली ताई, चुकलं. आमच्याकडं जोगत्याला तसंच म्हणायची पद्धत, मी कधी इचारच केला न्हाई त्यांना काय म्हणून घ्यायला आवडायचं. तिला नाव होतं, शेवंता. गाव शेवंताबाई म्हणायचं सणाला आणि एरवी 'ते'. शेवंता रडत होती. असं लिवायला पायजे होतं.

---

तिठा:
अबोली, तुमच्या आईचं ते बोलणं वाचून मी गप्प झालो. माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही, दुष्ट पात्र लिहायचा हक्क लेखकाला हवाच. पण मावशींनी सांगितलेलं मारहाणीचं मला माहीत नव्हतं, ते मी नुसत्या अभिनयाच्या तराजूत टाकत होतो.

---

निळी_छत्री:
काल रात्री आग काढून टाकली. चंदा जगतेय. आता चाळीत पाणी सकाळी साडेपाचला येतं आणि नळावर नंबर लावायचा आहे, बायकांच्या रांगेत चंदाची कळशी कुठे ठेवायची यावर कुणी काही बोलत नाही पण कळशी रोज एक नंबर मागे सरकलेली असते, आणि खालची पोर ती उचलून पुन्हा पुढे ठेवते. हे लिहायला मला आगीपेक्षा जास्त वेळ लागला. आणि नीट बघितलं तर माझ्या पहिल्या मसुद्यात लहानपणच्या सगळ्या प्रसंगांत मी चंदाला 'तो' लिहिलं होतं आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सगळीकडे 'ती' केलं. एका ठिकाणी बाप हाक मारतो तिथे फक्त 'अरे' ठेवलंय, कारण तो तसंच म्हणेल.

अबोली, एक विचारायचं होतं, नाही म्हणालात तरी चालेल. आईचं ते जेवण झालं का, मी चंदाच्या आईला देऊ का? शेवटाला ठेवायचं मनात आहे. आई गावाहून फोन करते आणि शेवटच्या ओळीत चुकून 'जेवलीस का' म्हणते.

---

अबोली:
घ्या की. फक्त शेवटची ओळ तशी नको.

माझ्या आईने अजून म्हटलेलं नाही. तुमच्या कथेतल्या आईने म्हटलं तर वाचणारा पुस्तक मिटून मोकळा होईल, आणि मी साडेनऊला फोनपाशीच बसलेली असेन. चंदाच्या आईला जेवण झालं का एवढंच विचारू दे. चंदाने उत्तर द्यावं, हो, मी जेवले. आईने ते ऐकून घ्यावं, आणि पुढे विचारावं, काय केलं होतं?